तबकडीला ओल लागेल

ला शो-द-फों,
मंगळवार, नोव्हेंबर

प्रिय रेमी,

तुझ्या बाबांची कबर उकरायला माझी संमती हवी म्हणून काल दोन माणसं आपल्या दिवाणखान्यात बसून गेली. हे वाक्य मी लिहून पुन्हा वाचलं. त्यात काहीही चुकलेलं नाही. एक नोटरी बोर्ल आणि दुसरा झुरिकचा औषधवाला च्युडी. दोघांनी अंत्यविधीला घातलेलेच काळे कोट घातले होते, दारातल्या पायपुसण्यावर बूट नीट घासले, आणि माझ्या हातची कॉफी ढवळत मला सांगितलं की जमीन गोठायच्या आत हे काम उरकलेलं बरं. मी नाही म्हटलं. त्यावर बोर्ल म्हणाला की नगरपालिकेला बायकोबरोबर मुलाचीही सही लागते, तेव्हा ते आधी तुझ्याकडे जातील; मुलगा समजूतदार आहे, तो आईची समजूत काढेल. शनिवारी दुपारी ते लोझानला तुझ्या दारात उभे राहणार आहेत. अंत्यविधीपासून तू माझा फोन उचललेला नाहीस, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्यांना काय हवं आहे ते तुला ठाऊक आहे. दातांचा डॉक्टर जेर्मां कालाम मनगटावर ‘तिरकी’ बांधून मातीत गेला, हे आता गावातल्या बेकरीतसुद्धा बोललं जातं. त्या एका घड्याळासाठी या दोघांना माझ्या नवऱ्याला वर काढायचं आहे, त्याचं मनगट मोकळं करायचं आहे आणि मग त्याला परत झाकून टाकायचं आहे. ‘अगदी सन्मानानं, मादाम,’ बोर्ल म्हणाला. ‘हवं तर पाद्रीबुवांनाही बोलावू.’ च्युडीला सन्मानाशी देणंघेणं नव्हतं. तो त्याच्या त्या दगडी फ्रेंचमध्ये म्हणाला, ‘एकेक आठवडा मोलाचा आहे, मादाम. तबकडीला ओल लागेल. एकदा बुरशीचा ठिपका पडला की संपलं, मग देवही काही करू शकत नाही.’ तबकडीची काळजी! त्याच पेटीत, तबकडीपासून वीतभर अंतरावर, ज्याच्या टेबलावर तो पोटभर जेवला तो माणूस आहे. त्याला काय काय लागत असेल, याबद्दल च्युडीनं एक शब्द काढला नाही. मी त्याच्या पुढ्यातली गोड पावाची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्याला वाटलं, मी आणखी आणायला गेले आहे. मी परत आले तेव्हा तो आशेनं माझ्या हाताकडे पाहत होता.

मग बोर्लनं कायद्याची बाजू मांडली. आपल्याकडे कबर काही कायमची नसते, पंचवीस-तीस वर्षांनी नगरपालिका जागा मोकळी करतेच, ‘तेव्हा कधीतरी उघडायचीच आहे ती थोडी आधी उघडली, एवढंच.’ हे वाक्य त्यानं घरून तयार करून आणलं असणार, कारण बोलून झाल्यावर त्यानं स्वतःच मान डोलावली. च्युडी म्हणाला, ‘असं घड्याळ कुणा एकाचं नसतं. ते पुढे जात राहिलं पाहिजे.’ मी म्हटलं, ‘जेर्मांबरोबर गेलंच की ते पुढे.’ दोघंही हसले नाहीत. या लोकांना विनोद कळत नाही, निदान घड्याळाबद्दलचा तरी नाही. त्यांना मी दारापर्यंत सोडायला गेले नाही. खिडकीतून पाहिलं तर खाली रस्त्यावर उभं राहून च्युडी बोर्लला आपली बाही वर करून काहीतरी नवीन दाखवत होता, आणि बोर्ल खिशातून भिंग काढत होता. मी खिडकी उघडून हे दोघं बसले होते त्या खोलीत थंड हवा येऊ दिली. तासभर तशीच ठेवली.

तुला आठवत असेल, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ही मंडळी आपल्याकडे जेवायला यायची. तू वर तुझ्या खोलीत ताट घेऊन जायचास, आणि मला त्याचा राग यायचा नाही. मलाही जावंसं वाटायचं. जेवण झालं की तुझे बाबा हिरव्या लोकरी कापडाचं तबक टेबलावर ठेवायचे. प्रत्येकानं हातातलं घड्याळ काढून त्यात ठेवायचं आणि तबक फिरवायचं. पिंपासारखी, उशीसारखी, कासवासारखी, पाकळीसारखी. सुटाच्या बाहीखाली सरकतील अशी पातळ, सोन्याची, तुझ्या आजोबांच्या जमान्यातली. गोल एकही नाही. गोल घड्याळ आपल्या घरात चेष्टेचा विषय होता. ‘गोल तर बटाटाही असतो,’ तुझे बाबा म्हणायचे, आणि दर वेळी सगळे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. मी चीजचा वास येणाऱ्या बश्या उचलत असायची आणि ही शिकलेली, प्रतिष्ठित माणसं एकमेकांच्या घड्याळांची पाठ उघडून आत नाक खुपसत असायची. नाक खुपसत, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. च्युडी वास घ्यायचा. जुन्या तेलाच्या वासावरून घड्याळ कुणी शेवटचं उघडलं ते कळतं म्हणे. तीस वर्षं बोर्ल या घरात येतो आहे. माझ्या डोळ्यांचा रंग कोणता हे त्याला सांगता येणार नाही, पण तुझ्या बाबांच्या कोणत्या घड्याळाच्या तबकडीवर केसाएवढी चीर आहे ते तो झोपेत सांगेल. या लोकांची नजर आधी मनगटावर जाते, मग तोंडावर. प्रेताच्या बाबतीतही त्यांनी क्रम बदलला नाही. पेटी उघडी ठेवली होती त्या संध्याकाळी दोघं आले, दोघांनी आधी तुझ्या बाबांच्या बाहीकडे पाहिलं, आणि मग माझा हात हातात घेतला. च्युडीचा तळवा घामट होता. दुःखानं नव्हे.

तुझे बाबाही त्यांच्यातलेच होते, हे मी आज लपवणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं पाद्री म्हणाला. त्याला त्याचा पगार मिळतो. ‘तिरकी’ या घरात कशी आली ते तुला कधी कुणी सांगितलं नाही. शेजारच्या ल लोक्ल गावात मादाम ह्युरिए म्हणून एक बाई होत्या. त्यांच्या सासऱ्यांच्या लहानशा कारखान्यात, मंदीत तो बंद पडण्याआधी, ती हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी घड्याळं बनली होती: वाऱ्यानं एका अंगाला कलावी तशी सोन्याची चौकट, बारा आणि सहा एका सरळ रेषेत नाहीत, आतलं यंत्रसुद्धा त्याच तिरप्या मापानं कापलेलं. मोटार चालवताना हात चाकावर असला तरी वेळ वाचता यावी, अशी कल्पना. कल्पना विकली गेली नाही, कारखाना बुडाला. मादाम ह्युरिएंकडे त्यातलं एक उरलं होतं. तुझे बाबा कितीतरी हिवाळे त्या बाईंकडे चॉकलेटचे डबे घेऊन जात राहिले. त्यांच्या कवळ्या फुकट करून दिल्या. ‘एकटी बाई आहे गं, ओदिल, बोलायला कुणी नाही तिला,’ असं मला सांगायचे. बाई गेल्या तेव्हा अंत्यविधीनंतरच्या जेवणात त्यांनी भाच्याला कोपऱ्यात घेतलं. भाच्याच्या तोंडात अजून सॉसेज होतं, हे तुझ्या बाबांनीच मला हसत सांगितलं. घरी आले ते गुणगुणत, आणि हातमोजा काढला तर आत ‘तिरकी’. मी म्हटलं, ‘तुमच्या अंगाला वास येतोय.’ ते म्हणाले, ‘तुला आकार कळत नाही, ओदिल.’ मी म्हटलं, ‘मला माणसं कळतात.’ मग मी सूप वाढलं. काय करणार, सूप झालेलं होतं.

आणि तुझ्याशी ते जसे वागले, त्याचीही मला तशीच शिसारी आली होती. तू लहान असताना टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून ‘तिरकी’कडे बघत राहायचास. हात लावू का, असं विचारलंस की एकच प्रश्न: ‘हात धुतलेस का?’ धुऊन आलास की, ‘पुसलेस का?’ पुसून आलास की तोवर घड्याळ परत कपाटात गेलेलं असायचं. एका वर्षी तू विचारणं सोडलंस. तुझ्या बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. मग सोळाव्या वर्षी चर्चमध्ये सगळ्यांसमोर श्रद्धेची शपथ घेऊन तुझं दृढीकरण झालं. आपल्या गावात त्या दिवशी मुलाला घड्याळ द्यायचं हा चर्चच्या विधीइतकाच पक्का विधी आहे. सगळं गणगोत जमलं होतं, तू नव्या सुटात ताठ बसला होतास, आणि सगळ्यांना वाटत होतं की जेर्मांच्या मुलाला आज काहीतरी विलक्षण मिळणार. तू डबी उघडलीस. पोलादी, साधं, गोल घड्याळ. तुझा काका म्हणाला, ‘अरे, बटाटा मिळाला की!’ सगळे हसले. तुझे बाबाही हसले, आणि म्हणाले, ‘आधी गोल सांभाळायला शिक. आकार कमवावा लागतो.’ त्यांनी स्वतः ते तुझ्या मनगटावर बांधलं, पण त्याआधी चावी दिली. बंद घड्याळ माणसाच्या हातात बांधायचं नाही, हा त्यांचा नियम होता, त्यात मात्र कधी चूक झाली नाही. तू ‘थँक यू, पापा’ म्हणालास. त्या दिवसापासून तू या छंदाची टिंगल करू लागलास, वेळ विचारली की मोठ्यानं म्हणू लागलास, ‘माझ्याकडे फोन आहे, मी कालाम असलो तरी आजारी नाही.’ मला ते ऐकून बरं वाटायचं. घरात एक तरी माणूस या रोगातून सुटला, असं मला वाटायचं.

आता अंत्यविधीबद्दल. मला वेडी ठरवणारे लोक सांगत फिरतात तसं मी दुःखानं भान हरपून काही केलेलं नाही. आदल्या दिवशी मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, तुझ्या बाबांच्या हातात ‘तिरकी’ बांधली आणि ती दिसावी म्हणून बाही मागे सरकवली. चावी दिली नाही. त्यांचा नियम मी त्यांच्याच हातावर मोडला; ज्याला कुठे जायचं नाही त्याला वेळ कशाला, असं मला वाटलं. संध्याकाळी बोर्ल आणि च्युडी येऊन तिच्यावर नजर फिरवून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू लोझानहून आलास, आणि म्हणालास, मला जरा बाबांजवळ एकट्याला बसू दे. मी बाहेर पावसात उभी राहिले. तू बाहेर आलास तो हात कोटाच्या खिशात घालून, डोळे लाल, आणि मला म्हणालास की जेवायला थांबत नाही, गाडी आहे. मी म्हटलं, जा. मग झाकण लावायची वेळ झाली. अंत्यविधीवाल्याशी माझं आधीच ठरलं होतं. तो हळूच म्हणाला, ‘मादाम, घड्याळ काढून देऊ ना?’ मी तुझ्या बाबांच्या हातावर ओठ टेकवायला वाकले. जरा वेळ वाकलेलीच राहिले. उठले आणि म्हटलं, ‘राहू दे.’ माझ्या मागे बोर्लच्या तोंडून असा आवाज आला की पाद्रीनं वळून पाहिलं. सगळ्या सोहळ्यात खऱ्या दुःखाचा तेवढा एकच हुंदका होता, आणि तो घड्याळासाठी होता. नंतरच्या जेवणात, तुला वाटेल मी रंगवून सांगते, त्यांनी तबक फिरवलं. जेर्मांच्या स्मरणार्थ म्हणे. हिरवं कापड, वाइनचे ग्लास, आणि त्या तबकात सगळ्यांची घड्याळं काढून ठेवलेली. च्युडीनं माझ्यापुढेही ते धरलं. मी त्यात सॉसेजची सालं टाकली.

म्हणजे ऐक, रेमी. मी वाकले तेव्हा मला टिकटिक ऐकू आली. मेलेल्या माणसाच्या मनगटावर टिकटिक. आणि बाही खाली ओढलेली होती. मी बोटानं ती जराशी उचलली आणि आत तो बटाटा पाहिला, पोलादी, गोल, चालू. तू तो त्या दिवशी तुझ्या बाहीखाली घालूनच आला होतास की तिथल्या तिथे चावी देऊन बांधलास, मला माहीत नाही. आयुष्यभर टिंगल केलीस, पण बंद घड्याळ बापाच्या हातात बांधायला तुझा हात धजला नाही. मला त्या क्षणी तुझी किळस आली. अजूनही आहे, उगाच खोटं बोलत नाही. मादाम ह्युरिएंच्या भाच्याच्या तोंडातल्या सॉसेजची आली होती तेवढीच. पण ते दोघं माझ्या मागे माना उंचावून उभे होते, आणि मी घड्याळ काढून घेतलं असतं तर सगळ्यांच्या देखत माझ्या हातात गोल घड्याळ आलं असतं. म्हणून राहू दिलं. गोल घड्याळांची जन्मभर थट्टा करणारा माणूस गोल घड्याळ घालून झोपला आहे, आणि ते बोर्लनं बघावं एवढी चैन मी त्याला करू देणार नाही. तेव्हा कशावरही सही करू नकोस. ओरडू नकोस, समजावू नकोस, नाही म्हण आणि दार लाव. आणि एक गोष्ट, जी तू चार दिवस थांबला असतास तर कळली असती, खरं तर चार मिनिटं थांबला असतास तरी: ‘तिरकी’ मी त्यांच्या हातात बांधली होती ती सगळ्यांच्या समोर काढून तुझ्या हातात द्यायला. त्या दोघांनी ते बघायला हवं होतं. बाबांनी तसं काही सांगून ठेवलं नव्हतं, ते माझं मीच ठरवलं होतं. तू तुझंच घड्याळ चोरलंस, मूर्खा. शनिवारी ते आले की बाही खाली ओढून मगच दार उघड. ते आधी मनगटाकडे बघतात. रविवारी इकडे जेवायला ये, आणि येताना बाही वर कर. चावी देऊन.

तुझीच,
आई